एक स्टार दिलेल्या ताईंना आमच्या ट्रॅव्हल्स ऑफिसकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दिल्लीहून पुण्याचं स्वस्तातलं विमान गळ्यात मारलं, ते दोनदा रद्द झालं, आम्हाला कोणी कळवलं नाही, वर हैदराबादहून गाडीचे साडेनऊ हजार उकळले, तिकिटाचे पैसे दाबून ठेवले, आणि या सगळ्यात सासूबाईंच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता, म्हणजे तिथला लग्नसोहळा, चुकल्या. एवढं लिहून एक स्टार. मुलगा म्हणाला, "पप्पा, आपलीपण बाजू मांडा." मांडतो. पण आधी माझी चूक सांगतो, कारण तुम्हाला वाटते त्यापेक्षा ती मोठी आहे.

तिकीट काढताना संपर्कासाठी तुमचा नंबर टाकायला हवा होता. मी ऑफिसचा टाकला. आमच्या धंद्यात बरेच जण असंच करतात. सगळे मेसेज एका जागी येतात, वेब चेक-इन आम्हीच करून देतो, आणि खरं बोलायचं तर गिऱ्हाईक परस्पर कंपनीकडे जाऊ नये हाही हिशेब असतो. ऑफिसचा मोबाइल रात्री शटर पडलं की ड्रॉवरमध्ये जातो. पहिलं विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच मोबाइलवर रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आला. मी तो पाहिला सकाळी पावणेदहाला, उदबत्ती लावून झाल्यावर. तोपर्यंत तुम्ही पहाटे तीनला करोलबागेतून निघून, सासूबाईंना व्हीलचेअरवर घेऊन, दिल्लीच्या त्या थंडीत टर्मिनलच्या दारात ताटकळून परत हॉटेलवर आला होतात. माझ्या स्वतःच्या फोनवर तुमचे सहा मिस्ड कॉल होते. तो रात्रभर सायलेंटवर होता. याला काही सबब नाही.

यात आणखी एक गोम आहे, ती तुम्हाला माहीत नसेल. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमाप्रमाणे सुटण्याच्या २४ तासांच्या आत विमान रद्द केलं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर दोन तासांवरच्या प्रवासाला माणशी १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं कमी असेल ते भरपाई म्हणून मिळतं. दिल्ली-पुणे त्यात बसतं. मेसेजमध्ये कारणही धुकं नाही, 'ऑपरेशनल' असं लिहिलंय. पण एजंटाने प्रवाशाचा नंबरच दिला नसेल, तर कंपनी भरपाई द्यायला बांधील नाही, हेही त्याच नियमात आहे. म्हणजे माझ्या त्या एका सवयीमुळे तुमचा हक्क अडकू शकतो. चार तिकिटांचे १७,६०० होतात. सरकारच्या एअरसेवा तक्रार पोर्टलवर तुमच्या नावाने तक्रार भरून ठेवली आहे. कंपनीने नंबराचा मुद्दा काढून नकार दिला, तर ते १७,६०० मी देईन. हे इथे चारचौघांत लिहितोय, म्हणजे मागे फिरायला वाट नको.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाबद्दल मात्र मला बोल लावू नका. तोवर बुकिंगमध्ये तुमचा नंबर घातला होता. सव्वासातचं नऊ झालं, नऊचं साडेदहा, आणि साडेदहाला रद्द. हे तुम्हाला आणि मला एकाच वेळी कळलं.

गळ्यात मारलं म्हणता, तर काउंटरवर मी दोन कंपन्यांची तिकिटं दाखवली होती आणि स्वस्तातलं तुमच्या साहेबांनी निवडलं. त्यांचंही चुकलं असं म्हणत नाही, चार माणसांचा फरक छोटा नव्हता. पण या स्वस्त कंपन्यांचं गणित आपल्या वडापच्या जीपसारखं असतं. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारत राहतं. सकाळी एका ठिकाणी अडकलं की संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या घसरतात, मग पायलटचे ड्युटीचे तास संपतात, आणि बदली विमान रिकामं उभं नसतं. हे मी तेव्हा समजावून सांगायला हवं होतं. नुसता दर दाखवला.

तुमच्या रिव्ह्यूखाली कोणीतरी विचारलंय की सोलापूरहून विमान सुरू असताना पुण्याचं तिकीट कशाला. अहो, विमानतळाजवळच्या साखर कारखान्याच्या त्या चिमणीपायी सोलापूरने किती वर्षं वाट पाहिली ते मला सांगू नका! २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली, २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून आधी गोवा आणि मग मुंबई सुरू झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्यासारख्यालाच झाला. पण दिल्लीहून मुंबईमार्गे यायचं तर दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि ते तिकीट बुडतं. सासूबाई बरोबर असताना ती जोखीम मी घेतली नसती.

आता हैदराबाद. त्या रात्री दुसऱ्या सकाळच्या पुण्याच्या तिकिटाला माणशी १९,००० दाखवत होतं, आणि पुण्यात उतरूनही पुढे अडीचशे किलोमीटर. कर्नाटक एक्सप्रेस दिल्लीहून थेट सोलापूरला येते, पण तिच्यात जागा नव्हती, आणि असती तरी अक्षतांच्या दिवशी ती वाटेतच असती. हैदराबादचं ८,२०० ला मिळालं. आमची गाडी सोलापुरातून पहाटे पाचला रिकामी निघाली आणि शमशाबादला, हैदराबादच्या विमानतळावर, तुमच्या आधी जाऊन उभी राहिली. जाऊन-येऊन ६४० किलोमीटर, १४ रुपयांनी ८,९६०, ड्रायव्हरचा भत्ता ५००, वरचे चाळीस राउंड केले. टोल आम्ही भरला. अप-डाऊनचे पैसे लागतील हे साहेबांना रात्री फोनवर सांगितलं होतं, त्यांना विचारा. याला उकळणं म्हणू नका, एवढीच विनंती.

तिकिटाचे पैसे दाबले नव्हते. कंपनी आधी क्रेडिट द्यायला बघत होती, म्हणजे पुढच्या प्रवासात वापरा. ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, म्हणून आम्ही रोख परतावाच हवा असं लेखी कळवलं. ते पैसे एजंटच्या खात्यात काल जमा झाले. आज सकाळी तुमच्याकडे पाठवले, आमची तिकिटामागची ३०० रुपये फीसुद्धा त्यात आहे.

राहिल्या अक्षता. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. यात्रेच्या आत घरी पोचायचं म्हणूनच तुम्ही तारीख ठरवली होती, आणि मीच "आरामात पोचता" म्हणालो होतो. ड्रायव्हरने सांगितलं, आजींनी मोबाइलवर अक्षता होतात त्या संमती कट्ट्याचं लाइव्ह लावायला लावलं, जहिराबादच्या पुढे रेंज गेली, तर त्यांनी बंद पडद्यासमोरच हात जोडले आणि नळदुर्ग येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. ऐकून मलाच कसंतरी झालं. त्यांची माफी मी घरी येऊन मागेन, इथे लिहून ती होत नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. या महिन्यापासून आमच्या बुकिंगच्या कागदावर पहिला रकाना प्रवाशाच्या स्वतःच्या मोबाइलचा आहे, आणि ऑफिसचा फोन रात्री माझ्या उशाशी असतो. बायको वैतागली आहे.

नातीची लाल कानटोपी गाडीत मागच्या सीटखाली सापडली. येताना घेऊन येतो.