सहा फूट झाला म्हणून शाळा सोडवू नका

इंदूरमधल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: मुलगा चौदाव्या वर्षी सहा फुटांचा झाला असेल तर तो एनबीएचाच, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचाच, माल आहे, सतनाम सिंगकडे बघा. भारतात राहून बास्केटबॉलमध्ये काही मिळत नाही. तेव्हा दहावीनंतर शाळा सोडवा, अकॅडमीत रोज सहा तास घाला आणि एजंट गाठून परदेशी क्लबात पाठवा. काही घरांत हा मजकूर गंभीरपणे घेतला जातोय, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी सतनाम. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा मुलगा लुधियानाच्या अकॅडमीत तयार झाला आणि २०१० साली शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला. ती निवासी शाळा आहे, म्हणजे त्याने शाळा सोडली नाही, बदलली. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांमध्ये, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला घेतलं ते ६० पैकी ५२ व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत. हमीचा करार पहिल्या फेरीतल्यांना मिळतो, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. सतनाम पुढे डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, खेळला, पण एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या नावावर नाही. यात त्याला कमी लेखायचं नाही, भारतात जन्मलेला तो पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू आहे. पण त्याची उंची सात फूट दोन इंच आहे. सहा फुटांच्या मुलाला त्याचं उदाहरण लागूच पडत नाही. एनबीएत ३० संघ, प्रत्येकी १५ नियमित करार, म्हणजे जगभरातून ४५० जागा, आणि वर प्रत्येक संघाचे तीन दुहेरी करार, म्हणजे एनबीए आणि खालची लीग अशा दोन्हीकडे खेळण्याचे. मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा बेत या आकड्यावर आखता येत नाही.

आता उंची. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. चौदाव्या वर्षी सहा फूट, म्हणजे १८३ सेंटीमीटर, असलेला मुलगा पुढे किती वाढेल हे आज दिसणाऱ्या उंचीवरून कळत नाही. घरच्या घरी करण्याचा ढोबळ हिशोब असा: आई आणि वडील यांची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवा, मुलासाठी १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा आणि दोनाने भागा. वडील १७८, आई १६५ असेल तर उत्तर येतं १७८. दोन्हीकडे साधारण साडेआठ सेंटीमीटरची सूट धरली तरी वरची हद्द १८६-१८७, म्हणजे सहा फूट दीड इंच. हा मुलगा आज वर्गात सगळ्यांच्या डोक्यावर दिसतो, कारण तो लवकर वयात आलाय. खात्री करायची तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघता येतं. वाढीच्या रेषा मिटत आल्या असतील तर उंची आता फारशी वाढणार नाही.

पण तोवर मैदानावर काय होतं ते बघा. अंडर-१६ चा संघ जिंकावा म्हणून या मुलाला रिंगखाली उभं करतात. चेंडू डोक्यावर धरायचा, वळायचं, टाकायचा. समोरचे सव्वापाच फुटांचे असतात, त्यामुळे उडीही मारावी लागत नाही. दोन वर्षं असंच चालतं, पदकं येतात. अठराव्या वर्षी तो सहा फूट एक इंचावर थांबतो आणि रिंगखाली त्याच्यासमोर साडेसहा-पावणेसात फुटांचे उभे राहतात. त्या उंचीला सीनियर पातळीवर गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या आणि पास देणाऱ्या खेळाडूची, जागा असते. आणि याला डाव्या हाताने ड्रिबल येत नाही, पळता पळता एका हाताने पास देता येत नाही, ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून शॉट नाही. अठराव्या वर्षी हे शिकता येतं, पण तोवर निवड झालेली असते.

म्हणून सोळा वर्षांपर्यंत उंच मुलालाही गार्डसारखंच शिकवावं. २८ मीटरचं मैदान फक्त डाव्या हाताने ड्रिबल करत जाणं-येणं, दहा फेऱ्या. नंतर रिंगपासून दोन-तीन पावलांवरून एका हाताने शॉट, किती टाकले ते न मोजता किती गेले ते मोजायचं. शंभर गेल्याशिवाय मागे सरकायचं नाही. लहान भावंडं असतील तर आणखी एक गोष्ट: मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू पाच नंबरचा. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ६०० ग्रॅमच्या आसपासचा सात नंबर देऊन ३.०५ मीटरच्या रिंगखाली उभं केलं की तो कमरेपासून दोन्ही हातांनी चेंडू ढकलतो, कोपर बाहेर जातं आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही.

रोज सहा तासांचा आग्रह तर घातकच. उंची भराभर वाढत असताना गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, दुखरं टेंगूळ येतं. मांडीचा स्नायू ज्या हाडाला ओढतो ते हाड अजून कोवळं असतं, आणि सिमेंटच्या कोर्टवर शेकडो उड्या मारल्या की तिथे सूज धरते. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून त्यावर खेळवत राहू नये. उड्या कमी करा, आठवडाभरात फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. क्रीडावैद्यकात एक सोपा नियम सांगतात: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे नेऊ नयेत. चौदा वर्षं, चौदा तास.

‘भारतात काही नाही’ हे वाक्य रेल्वेच्या क्रीडा कोट्याची जाहिरात न वाचलेल्यानेच लिहिलं असावं. आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉलपटू म्हणजे बहुतेक वेळा रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका किंवा पोलीस यांच्याकडे नोकरी करून त्यांच्यासाठी खेळणारा माणूस. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळत भारताची कर्णधार झाली. रेल्वेत खुल्या भरतीसाठी वय १८ ते २५ लागतं. १०० गुणांपैकी ५० खेळातल्या कामगिरीला, ४० चाचणीला आणि १० शिक्षणाला असतात. कामगिरीही चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरतात. सोळाव्या वर्षीचं पदक विसाव्या वर्षी उपयोगी पडत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळतं. भारतातल्या लीग मात्र येतात आणि जातात. यूबीए २०१५ ला सुरू झाली आणि काही हंगामांनंतर थांबली. आयएनबीएल २०२२ पासून आहे. त्यात जरूर खेळावं, घरखर्च त्यावर टाकू नये.

इथेच शाळा सोडण्याचा मुद्दा निकालात निघतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातही पगाराच्या लेव्हल १ ला साधारणपणे दहावी, लेव्हल २ आणि ३ ला बारावी, लेव्हल ४ आणि ५ ला पदवी लागते. तोच खेळ, तेच पदक, पण पगाराची पायरी मार्कशीटवर ठरते. देवी अहिल्या विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची तर प्रवेश हवाच. अमेरिकेतल्या कॉलेजात डिव्हिजन १ ला, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, खेळायचं तर शाळेतले १६ मुख्य विषय-अभ्यासक्रम पूर्ण असावे लागतात. भारताचा अमान संधू एनबीएच्या भारतातल्या अकॅडमीतून पुढे अमेरिकेतल्या मॉनमथ विद्यापीठात पोचला तो याच वाटेने.

एजंटचा भाग थोडक्यात. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशात बदली अपवाद सोडल्यास होत नाही, आणि प्रौढ खेळाडूलाही आपल्या देशाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपात लावून देतो’ म्हणणारा माणूस आधी पैसे मागत असेल तर उठून यावं. खरा एजंट करार झाल्यावर त्यातून टक्का घेतो. फिबाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे, नाव तिथे शोधा.

आणि इंदूरच्या मराठी घरांसाठी खास एक काम. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन शब्दांत लिहितात. मध्य प्रदेशातल्या शाळा आणि कार्यालयं पुष्कळदा फक्त नाव आणि आडनाव घालतात. मग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तिसरंच नाव येतं, आणि वयाची पडताळणी किंवा भरतीची छाननी झाली की मुलगा तिथे अडकतो. पहिल्या जिल्हास्तरीय निवडीआधीच सगळी कागदपत्रं समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळवून घ्या. स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडलं की मैदान सोडण्याआधीच त्यावरचं स्पेलिंग वाचा, कारण दुरुस्ती करणारे आयोजक त्या दिवशी समोर असतात.