क्लाउनफिशच्या घरगुती प्रजननाविषयी फिरणारा संदेश आणि वस्तुस्थिती

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश हातोहात पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: दुकानातून क्लाउनफिश या पट्टेरी समुद्री माशाचा एक नर आणि एक मादी आणा, सोबत समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, ठेवा, सहा महिन्यांत अंडी मिळतील, आईबाप पिल्ले वाढवतील, पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, द्या आणि घरबसल्या कमाई सुरू करा. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

‘एक नर, एक मादी आणा’ हा पहिला सल्लाच सर्वांत घातक आहे. क्लाउनफिशची पिल्ले जन्मतः ना नर असतात ना मादी. एका समुद्रफुलावर राहणाऱ्या गटात सर्वांत मोठा आणि दांडगा मासा मादी असतो, त्याच्या खालोखालचा प्रजननक्षम नर असतो आणि उरलेले अपक्व राहतात. मादी मेली की तो नर मादीत बदलतो. ही व्यवस्था दांडगाईवर चालते, हे हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली ‘नेचर’मध्ये मांडले होते. हा बदल एकाच दिशेने होतो, मादीचा पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन मोठे, देखणे मासे जोडी समजून आणले आणि दोन्ही माद्या निघाल्या, तर एकीचा जीव जाईपर्यंत मारामारी चालते. दुकानातल्या बोटभर माशाकडे बोट दाखवून ‘ही मादी’ असे कोणी सांगत असेल, तर तो ठोकून देतो आहे. दोन लहान मासे घ्यावेत, त्यांपैकी एक स्पष्टपणे मोठा असावा, आणि बाकीचे त्यांच्यावर सोडावे. मोठा मासा अंगावर आला की लहानगा आडवा कलतो आणि थंडी भरल्यासारखा अंगभर थरथरतो. ही शरणागती रोज दिसू लागली, की जोडी जमली असे समजायला हरकत नाही. मात्र लहानपणापासून वाढवलेली जोडी अंड्यावर यायला दीड-दोन वर्षे सहज लागतात. सहा महिन्यांचा वायदा तिथेच संपतो.

समुद्रफुलाचा मुद्दा लवकर निकाली निघतो. हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांत, क्लाउनफिश मातीच्या कुंडीवर किंवा साध्या फरशीच्या तुकड्यावर अंडी घालतात. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि मुरलेली, म्हणजे बरेच महिने स्थिर चाललेली, टाकी लागते. नवख्याच्या टाकीत ते मेले तर पाणी नासवून मासेही घेऊन जाते.

‘आईबाप पिल्ले वाढवतात’ हे अर्धसत्य आहे. अंड्यांची राखण होते, हे खरे. नर पंखांनी पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. सुरुवातीच्या एक-दोन खेपा मात्र हीच मंडळी बहुधा खाऊन टाकतात. माझ्या जोडीने पहिली खेप तिसऱ्या दिवशी संपवली होती. पाणी २७-२८ अंश सेल्सिअस असेल तर केशरी अंडी आठ-दहा दिवसांत चंदेरी होतात, प्रत्येकात दोन डोळे चमकू लागतात, आणि दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत अंधारात पिल्ले बाहेर पडतात. त्या क्षणी पालकत्व संपते. समुद्रात ही पिल्ले प्रवाहाबरोबर वाहून जातात. टाकीत ती फिल्टरमध्ये ओढली जातात किंवा इतर माशांच्या पोटात जातात. म्हणून त्याच संध्याकाळी अंड्यांची फरशी वेगळ्या लहान टाकीत हलवावी लागते, किंवा टॉर्चच्या उजेडाकडे झेपावलेली पिल्ले पेल्याने उचलावी लागतात.

आता आर्टेमिया. अपयशाचे खरे ठिकाण हेच आहे, आणि संदेशात त्यावर फक्त एक वाक्य आहे. नुकते उबलेले आर्टेमिया पहिल्या दिवसांतल्या पिल्लाच्या तोंडात मावत नाही. त्या काळात त्याला रोटिफर, म्हणजे त्याहून बारीक असे सूक्ष्म जीव, लागतात, आणि रोटिफरना खायला हिरवे सूक्ष्म शैवाल. ही साखळी अंडी उबण्याच्या आठवडाभर आधीच भरभरून चालू असली पाहिजे, कारण पिल्ले रोटिफर वाढण्याची वाट पाहत नाहीत. आईबापांच्या तोंडून वाचलेल्या माझ्या पहिल्या खेपेच्या वेळी रोटिफर वाढवण्याची एकच बाटली होती आणि तिच्यातले रोटिफर ऐनवेळी मेले. चौथ्या सकाळी टाकीच्या तळाशी पांढरी धूळ दिसली, ती धूळ म्हणजे पिल्ले होती. तेव्हापासून मी तीन बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो. साधारण आठवड्यानंतर आर्टेमिया हळूहळू सुरू करता येते, आणि दहा ते पंधरा दिवसांत डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. तो उमटला की निम्मी लढाई जिंकली.

राहिली कमाई. विक्रीजोगा मासा व्हायला आणखी काही महिने जातात, आणि तोवर मीठ, वीज, गाळलेले पाणी आणि खाद्य यांचा खर्च थांबत नाही. मीठ वाचवायला जवळच्या किनाऱ्यावरून पाणी आणावे, असेही काही जण सुचवतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतची क्षारता नद्या-नाल्यांच्या पाण्याने इतकी घसरते की मीटरने मोजल्याशिवाय ते टाकीत ओतणे म्हणजे जुगार आहे. ज्यांना धंदाच करायचा आहे, त्यांनी अंड्यापासून सुरुवात न करता हॅचरीतून लहान पिल्ले घेऊन ती वाढवून विकण्याचा मार्ग आधी पडताळावा, कारण त्यात रोटिफरचा जीवघेणा आठवडा दुसऱ्या कोणीतरी आधीच पार केलेला असतो.