सामाईक द्रावक-चाचणीचे व्हॅलिडेशन : एका आक्षेपाला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. अनेक औषधद्रव्यांमधील अवशिष्ट (निर्मितीनंतर उरलेली) द्रावके मोजण्यासाठी एकच हेडस्पेस जीसी पद्धत (बंद व्हायलमधील वाफ गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासण्याची पद्धत) वापरावी आणि तिच्या व्हॅलिडेशनचा, म्हणजे ती विश्वासार्ह आहे हे प्रयोगांनी दाखवण्याच्या कामाचा, मोठा भाग एकदाच करावा, असे मी लिहिले होते. आपण त्याला पळवाट म्हटले आहे. औषधद्रव्य बदलले की मॅट्रिक्स (नमुन्यातील द्रावकाभोवतीचे बाकीचे घटक) बदलते, म्हणून रेषीयतेपासून (प्रमाण वाढते तसा प्रतिसाद सरळ रेषेत वाढण्यापासून) अचूकतेपर्यंत सर्व काम प्रत्येक वेळी नव्याने झाले पाहिजे, असे आपले म्हणणे आहे. शिवाय यादीत एक नवे द्रावक आले तरी सगळे पुन्हा करावे लागेल, मग श्रम वाचले कुठे, असाही आपला प्रश्न आहे.

मॅट्रिक्स बदलते हे अगदी खरे आहे. मात्र त्याचा परिणाम नेमका कुठे होतो, हे पाहिल्याशिवाय सर्वच काम पुन्हा करण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. बंद व्हायलमध्ये तापवल्यावर द्रावकाची द्रव आणि वायू यांत वाटणी होते, आणि डायमिथाइल सल्फॉक्साइडसारख्या डायल्युएंटमध्ये (नमुना विरघळवण्याच्या द्रवात) विरघळलेले औषधद्रव्य ही वाटणी बदलू शकते. औषधद्रव्य स्वतः बाष्पनशील नसेल, तर ते मात्र व्हायलमध्येच राहते. कॉलमपर्यंत, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीपर्यंत, पोहोचते ती फक्त वाफ. त्यामुळे इथेनॉल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल एकमेकांपासून वेगळे होतात का, एफआयडीचा (ज्योत-आयनीकरण डिटेक्टरचा) प्रतिसाद सरळ रेषेत राहतो का, वायूचा प्रवाह किंवा ओव्हनचे तापमान थोडे हलल्यावर काय होते, हे प्रश्न यंत्रणेचे आहेत. त्यांची उत्तरे एकदा नीट मिळवली की पुरतात.

रेषीयतेबद्दल आपला आग्रह अधिक आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. नमुन्यातील औषधद्रव्याची संहती ठरलेली असते आणि द्रावक अत्यल्प असते. अशा विरल अवस्थेत वाटणीचा गुणांक द्रावकाच्या प्रमाणानुसार बदलत नाही. म्हणून औषधद्रव्यामुळे रेषेचा उतार कमी-अधिक झाला, तरी ती रेष सरळच राहते. उतारातला हा फरक रिकव्हरीच्या प्रयोगात, म्हणजे घातलेल्या द्रावकापैकी किती परत मोजले जाते हे पाहताना, उघड होतो, आणि तो प्रयोग प्रत्येक औषधद्रव्यासाठी, एकाहून अधिक पातळ्यांवर स्पाइक करून (ठरावीक द्रावक मुद्दाम घालून), करावाच लागतो. तेथे सूट नाही. ब्लँक (फक्त डायल्युएंट) आणि स्पाइक न केलेल्या नमुन्यातील अडथळा आणणारी पीक (आलेखातील शिखरे), विद्राव्यता, प्रत्यक्ष नमुन्यावरची पुनरावृत्तिक्षमता आणि मॅट्रिक्समध्ये परिमाणन मर्यादेची (खात्रीने मोजता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाची) खातरजमा यांनाही सूट नाही.

आपण न मांडलेला एक धोका मला याहून गंभीर वाटतो. काही औषधद्रव्ये तापलेल्या व्हायलमध्ये स्वतःच द्रावक तयार करतात. मिथाइल एस्टर असलेल्या रेणूचे विघटन होऊन मिथेनॉल सुटू शकते, आणि मग मिथेनॉलच्या ३००० पीपीएमच्या (दशलक्षात ३००० भाग) मर्यादेशी आपण जे ताडून पाहतो ते उत्पादनात उरलेले मिथेनॉल नसतेच. स्पाइक केलेल्या नमुन्यातून मूळ नमुन्याचा आकडा वजा केला की रिकव्हरी उत्तम दिसते, त्यामुळे हा दोष तेथे सापडत नाही. नमुना आणि स्टँडर्ड (औषधद्रव्याशिवाय, ज्ञात प्रमाणातले द्रावक) दोन्ही वेगवेगळ्या कालावधींसाठी तापवून पाहावेत : समतोल आल्यावर स्टँडर्डचे पीक स्थिर राहते, नमुन्याचे वाढतच गेले, तर द्रावक व्हायलमध्ये तयार होत आहे. ही तपासणी एकाही औषधद्रव्यासाठी वगळू नये.

याच कारणाने, रचनेत सारखी दिसणारी औषधद्रव्ये एका गटात घालून त्यांतील एकावरच प्रयोग करण्याची प्रथा मला मान्य नाही. आम्लधर्मी औषधद्रव्य ट्रायएथिलअमाइनला क्षाराच्या रूपात धरून ठेवते आणि रिकव्हरी घसरते. त्याच रेणूच्या सोडियम क्षारात तसे घडेलच असे नाही. डायल्युएंटमध्ये तीव्र अल्कली घालून उपाय करता येतो, पण त्या औषधद्रव्यापुरती ती पद्धत सामाईक राहिली नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

नमुन्याच्या संहतीकडेही दुर्लक्ष होते. दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम घेतल्यास टोल्युइनची ८९० पीपीएमची मर्यादा ८९ मायक्रोग्रॅमवर येते. औषधद्रव्य कमी विरघळते म्हणून ५० मिलिग्रॅम घेतले, तर ती ४४.५ वर येते. टोल्युइनला हे सहज झेपते. बेंझीनची मर्यादा मात्र २ पीपीएम आहे, म्हणजे ०.२ मायक्रोग्रॅमऐवजी ०.१ शोधावे लागते, आणि सामाईक पद्धतीची परिमाणन मर्यादा तेथे अपुरी पडू शकते. म्हणून मूळ व्हॅलिडेशनची खालची पातळी सर्वांत कमी संहतीचा नमुना गृहीत धरून ठरवावी.

नियामकांबद्दल आपण शंका घेतली आहे. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण परिषदेच्या क्यू२ या व्हॅलिडेशनविषयक मार्गदर्शिकेच्या २०२३ मधील सुधारित आवृत्तीत, प्रस्थापित प्लॅटफॉर्म (अनेक उत्पादनांसाठी सामाईक) पद्धत नव्या कारणासाठी वापरताना, शास्त्रीय समर्थन असल्यास, व्हॅलिडेशन संक्षिप्त करता येते असे म्हटले आहे. यातली शास्त्रीय समर्थनाची अट महत्त्वाची आहे, आणि वर सांगितलेले औषधद्रव्यनिहाय प्रयोग त्यासाठीच आहेत.

नव्या द्रावकाचे म्हणाल, तर त्याचे पीक यादीतील इतरांपासून वेगळे होते का हे एकदा पाहावे, आणि त्याची रेषीयता व परिमाणन मर्यादा एकदा ठरवावी. रिकव्हरी मात्र ज्या औषधद्रव्यांच्या निर्मितीत ते द्रावक वापरले जाते त्यांच्यातच तपासावी. पीक वेगळे होत नसेल आणि कॉलम किंवा तापमानाचा कार्यक्रम बदलावा लागला, तर आपले म्हणणे बरोबर ठरते : मग यंत्रणेशी संबंधित काम नव्याने करावे लागेल, आणि प्रत्येक औषधद्रव्यातील अडथळ्याची तपासणीही.