हळद, टीटी आणि भाताचे पथ्य : जखमांविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

जखमांविषयीचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. जखमेत हळद भरावी, कारण अमेरिकेनेही तिचे पेटंट घेतले होते; जखम उघडी ठेवून वाळू द्यावी; टीटीचे, म्हणजे धनुर्वाताच्या लशीचे, इंजेक्शन घेतले की ती पिकत नाही; भात आणि आंबट खाल्ल्याने पू होतो; आणि तरीही पू झालाच तर अ‍ॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या पाच दिवस घ्याव्यात, असे त्याचे सार आहे. यांतले प्रत्येक विधान आपण घरीदारी ऐकलेले असते, म्हणून ते न तपासता पुढे पाठवले जाते. मधुमेह असलेल्या माणसाने हे सल्ले पाळले तर प्रकरण बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत जाऊ शकते, आणि म्हणूनच सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पेटंटची हकीकत खरी आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या विजयाचा अभिमान कोणाही भारतीयाला वाटावा असाच तो होता. परंतु त्या लढ्यातला वाद हळदीच्या गुणाविषयी नव्हता. हा उपयोग नवा आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. जुन्या ग्रंथांतले उल्लेख आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख पुढे ठेवल्यावर तो भारतात आधीपासून ठाऊक असल्याचे सिद्ध झाले. उपाय जुना ठरला म्हणून तो गुणकारी ठरत नाही.

हळदीतले कुरकुमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखते, हे मान्य. मात्र डब्यातली हळदपूड निर्जंतुक नसते, कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि पुडीचे कण जखमेत बाहेरच्या कचऱ्यासारखे बसून राहतात. त्याहून मोठा तोटा असा की जखम दिसेनाशी होते. हळद भरलेली जखम स्वच्छ करताना वरचा वाळून कडक झालेला पिवळा थर सलाईनने भिजवून चिमट्याने हळूहळू सोडवावा लागतो, आणि त्याच्याखाली पू साचलेला सापडू शकतो. भोवतालची कातडीही पिवळी झालेली असल्याने लाली कुठवर पसरली आहे याचा अंदाज लागत नाही. नळाच्या पिण्यायोग्य वाहत्या पाण्याने, माती आणि बारीक खडे निघून जाईपर्यंत, जखम भरपूर धुणे हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

जखम उघडी ठेवून खपली धरू देण्याचा सल्लाही कालबाह्य झाला आहे. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की पातळ पटलाने झाकून ओलसर ठेवलेल्या वरवरच्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. नवी त्वचा कडेने सरकत येते, आणि कोरड्या खपलीखालून वाट काढताना तिला वेळ लागतो. धुतलेल्या किरकोळ जखमेवर साधे व्हॅसलीन आणि रोज बदललेली स्वच्छ पट्टी पुरते.

टीटीविषयीचा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणात सुप्तावस्थेत असतात, आणि लस त्यांच्या विषाविरुद्ध संरक्षण देते. पू करणारे जिवाणू वेगळे असतात, त्यांच्यावर या लशीचा काहीही परिणाम होत नाही. पूर्ण लसीकरण झालेल्या माणसाला स्वच्छ, लहान जखमेसाठी मागच्या मात्रेनंतर दहा वर्षांनी आणि मातीने मळलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षांनी मात्रा पुरते; दर सहा महिन्यांनी ती घेण्याचे कारण नाही. कुत्रा चावला असताना केवळ टीटीवर थांबणे तर जिवावर बेतू शकते. तेथे साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी लागते.

भात, आंबट किंवा वांग्याने पू होत नाही. उलट या पथ्यापायी डाळ, अंडी, दही बंद केली जातात आणि जखम भरून येण्यास लागणारी प्रथिनेच कमी पडतात. मधुमेहात भाताचे प्रमाण सांभाळायचे ते रक्तातल्या साखरेसाठी.

आता पू आणि गोळ्या. गळवांच्या पुवात जिवाणूंचे द्राक्षघोसासारखे पुंजके असतात, हे स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास दाखवले आणि त्या जिवाणूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. यांतले बहुसंख्य आज पेनिसिलिन मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि नुसते अ‍ॅमॉक्सिसिलिनही त्याच विकराने निकामी होते, त्यामुळे संदेशात नेमके न चालणारे औषध सुचवले आहे. शिवाय साचलेल्या पुवात औषध पुरेसे शिरत नाही. गळू पिकले की डॉक्टरांकडून चीर देऊन निचरा करून घेणे हाच मुख्य उपचार असतो, आणि लहान गळवाला अनेकदा त्याखेरीज काही लागत नाही. ते घरी पिळू नये, विशेषतः नाकाभोवतालचे आणि वरच्या ओठावरचे.

गोळ्यांची खरी गरज सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे कातडीत आणि तिच्याखाली पसरणाऱ्या जंतुसंसर्गात, असते. त्यात पू साचत नाही, पण कातडी लाल, गरम, ताणलेली होते, ठणकते आणि लाली पसरत जाते. हा संसर्ग सहसा स्ट्रेप्टोकॉकस या दुसऱ्या जिवाणूमुळे होतो. लालीच्या कडेला बॉलपेनने रेघ ओढून वेळ लिहून ठेवावी. लाली रेघेच्या बाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, लाल पट्टा वर सरकू लागला किंवा दिसते त्या मानाने वेदना फारच जास्त असली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांच्या पावलांना संवेदना कमी असल्याने दुखणे हा इशारा त्यांना मिळेलच असे नाही. म्हणून त्यांनी तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज रात्री उजेडात पाहाव्यात, आणि लहानसा फोड दिसला तरी सकाळी पाय दाखवून यावा.