कूलरच्या घरघरीत कसली हाय-फाय?

हाय-फाय म्हणजे अस्सल आवाजाच्या महागड्या म्युझिक सिस्टिमवरचा तुमचा लेख वाचला. लेखकमहाशयांच्या मते सोनी-यामाहाचे शोरूममधले म्युझिक सेट म्हणजे नुसते 'डबे', खरं ऐकणं म्हणे लाखाच्या पुढे सुरू होतं. भाऊ, मे महिन्यात एकदा नागपूरला या. पारा ४५ वर, खिडकीत कूलर घरघरतोय, त्याचा पंप वेगळाच गुरगुरतोय. त्यात स्पीकरला जोडलेल्या तुमच्या चांदीच्या केबलची नजाकत कोणाला ऐकू येणार?

बरं, यामाहाचाच एनएस-१० घ्या. १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला, घरांत काही जमला नाही, पण पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या (गाण्यातले सगळे आवाज जुळवण्याच्या) टेबलावर तोच पांढऱ्या कोनचा स्पीकर जाऊन बसला. म्हणजे लाखाच्या यंत्रावर तुम्ही जी गाणी ऐकता, त्यातली कितीतरी या 'डब्या'वरच तपासलेली आहेत!

स्वस्त ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीपुरते फुगवलेले, हजारो वॅट छापलेला एक प्लास्टिकचा सेट मीही भोगलाय. आवाज वाढवला की नुसती भणभण.

सध्या इथे नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत साधा अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर आहेत. भिंतीला चिकटलेले होते ते हातभर पुढे ओढले. ट्वीटर, म्हणजे त्यातले बारीक स्वर काढणारे छोटे भाग, कानाच्या उंचीला यावेत म्हणून खाली संत्र्याच्या लाकडी पेट्या, विटा भरून. समोरच्या भिंतीला जुनी गादी उभी केली. खर्च शून्य, आणि तबल्याचा डग्गा पहिल्यांदाच मोकळा ऐकू आला. एवढ्या लांबलचक लेखात खोलीबद्दल एक ओळ नाही, काहून?