पन्नास सात

दुसरीच्या वर्गात संख्यावाचन चाललं होतं. वर्ग म्हणजे एक मुलगी. आमच्या शाळेचा पट नऊ आहे आणि त्यात दुसरीच्या वाट्याला ती एकटीच आलीय. २०१९ साली दुसरीचं गणिताचं पुस्तक बदललं आणि एकवीसला 'वीस एक', सत्तावन्नला 'पन्नास सात' म्हणायची सोय झाली. कारण काय, तर जोडाक्षरांपाशी पोरं अडखळतात. (पन्नासातलं जोडाक्षर जागच्या जागीच राहिलं, पण ते असो.) तेव्हा पार विधानसभेपर्यंत धुरळा उडाला होता. मी आपली दोन्ही शिकवते. आकड्याला दोन नावं असली म्हणून बिघडत नाही, आमच्या वाडीत माणसांना तीन-तीन असतात.

तर ती म्हणाली, "बाईनू, तुमचा वय किती?"

उदाहरण नेहमी जवळचं द्यावं, असं डी.एड.ला शिकवलं होतं. मी फळ्यावर ५७ लिहिलं आणि म्हटलं, वाच.

"पन्नास सात." मग ती थोडा वेळ फळ्याकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "मगे तुमी माज्याएवडेच. वरसून पन्नास आसत, इतक्याच."

आता खरं सांगायचं तर ते पन्नास सातही खरे नाहीत. माझी जन्मतारीख १ जून १९६८. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीतल्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे. आयांनी ठरवून केलं असतं तरी जमलं नसतं, ते गुरुजींच्या टाकाने जमवलं. आई सांगते, मी झाले तेव्हा भात कापायला आलं होतं. म्हणजे ऑक्टोबर. त्या हिशेबाने १९७४च्या जूनमध्ये मला सहा पुरी होत नव्हती. गुरुजींनी मला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान पकडायला लावला, कान हाताला लागला, आणि त्यांनी १ जून लिहून टाकलं. एका ओळीत मी चार महिन्यांनी म्हातारी झाले. पहिल्याच दिवशी!

त्याचा हिशेब आता चुकता होतोय. आम्ही शिक्षक अठ्ठावन्नाला निवृत्त होतो, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटी. म्हणून ३१ मेला राज्यभर शाली आणि नारळ कमी पडतात. आईच्या भातावर विश्वास ठेवला असता तर मी ऑक्टोबरअखेर सुटले असते. म्हणजे गुरुजींच्या त्या एका ओळीची किंमत पाच पगार. गुरुजी आता नाहीत, आणि त्यांच्यावर रागावण्याची आमची टाप नव्हती, अजून नाही.

मी १९८९ला या देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या शाळेत आले तेव्हा पट होता एकसष्ट. (साठ एक.) तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्या मला "चेडवा" म्हणायच्या. मग "बाई" झाले. पुढे कोकण रेल्वे आली, १९९८ला, आणि आमचे विद्यार्थी सातवी-दहावी करून तिच्यात बसून मुंबईला गेले. पट उतरत गेला, वय चढत गेलं, आणि मधेच कधीतरी मला "मॅडम" म्हणण्याचा प्रयोग झाला, तो पोरांनीच हाणून पाडला.

शिक्षकाच्या वयाची गंमत अशी, की समोरचं पोर नेहमी सहा वर्षांचंच असतं. दर जूनला नवं, नाक गळणारं, दप्तरात करवंदं आणणारं. आपणही तेच, असं वाटत राहतं. मग एखाद्या दिवशी आपण छत्तीस वर्षं सांगत असलेला विनोद सांगायला घ्यावा आणि चौथीतला पोरगा गंभीरपणे विचारतो, "बाईनू, हय हसाचा असता ना? पपांनी सांगल्यानी."

वय मोजायची माझी स्वतःची पट्टी आहे जनगणना. १९९१, २००१ आणि २०११, तिन्ही वेळा रजिस्टर काखोटीला मारून मी ही वाडी मोजली. खालच्या घरातल्या काकी पहिल्या खेपेला पंचेचाळीस होत्या, दहा वर्षांनी पन्नास भरल्या, आणि तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "माका काय ठावक? शाळा तू शिकलस. तूच काय ता लिव." मी छप्पन लिहिलं. काकी खूश. २०२१ची जनगणना करोनात पुढे गेली ती गेलीच. कागदोपत्री काकी अजून छप्पनच्या आहेत आणि आता मीच त्यांच्यापेक्षा मोठी.

पाठीचं दुखणं मात्र शासकीय आहे. १९९५ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी असली की पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ. ते मोजायचे बाईंनी. एका हातात तागडी, दुसऱ्यात हजेरीपट, आणि एकोणऐंशी टक्केवाल्याची आई समोर उभी. तिथे माझ्या कमरेचा आणि तत्त्वांचा एकदमच मणका सरकला.

आता खिचडी शिजते, पण किती जण जेवले तो आकडा रोज अ‍ॅपवर भरावा लागतो. आणि आमच्या शाळेत रेंज नाही. रेंज आहे ती आवाराच्या गडग्यावर. गडग्याजवळ नाही, गडग्यावर. तिथे उभं राहून फोन खाडीच्या दिशेने धरला की पलीकडच्या टॉवरच्या दोन काड्या येतात. जांभ्याचे दगड नुसते रचलेले, मातीचा थेंब नाही, त्यात पावसाळ्यानंतर शेवाळ. पूर्वी मी टुणकन चढायचे. आता चढण्याचं एक तंत्र आहे: पदर खोचायचा, चपला काढायच्या, थोरल्याच्या खांद्यावर हात, आणि पोरांनी एका सुरात "हय पाय घाला, बाईनू! तो नको, तो चिरो हलता!"

चढणं एकवेळ जमतं. वर गेल्यावर आकडा दिसण्यासाठी जवळचा चष्मा लावायचा. आणि तो लावला की जमीन पाण्याखाली गेल्यासारखी हलायला लागते. परवा तसंच झालं. नऊ लिहिले, 'सबमिट' दाबलं, ते गोल गोल फिरायला लागलं. ते फिरून थांबेपर्यंत मी खाली पाहिलं, आणि गुडघ्यांनी सांगितलं की आता काही हलायचं नाही.

मी वर, नऊ पोरं खाली. दुसऱ्या शिक्षिका तालुक्याला मीटिंगला. पोरांनी सूचना दिल्या, मग सूचनांवरून भांडण केलं. पहिलीतला रडायला लागला. मी वरूनच त्याला गप्प केलं आणि वेळ जावा म्हणून सातचा पाढा म्हणायला लावला.

सातचा पाढा बेचाळीसवर आला असताना फाटकाशी मोटरसायकल थांबली. दुसरीतल्या पोरीचा बाप, तिचा डबा राहिला होता तो द्यायला आलेला. १९९६ला तिसरीत होता. परिपाठाच्या वेळी बेडूक सोडल्याबद्दल मी त्याला पूर्ण तासभर बाकावर उभा केला होता. आता शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला कायद्याने बंदी आहे, २०१०पासून. तेव्हा नव्हती, आणि बेडूक खूप होते.

तो आला, हेल्मेट काढलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पोरगा चांगला आहे, हसला नाही. नुसतं विचारलं, "बाईनू, तुमका हय कोणी उभ्या केल्यान?"

"शासनानं," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"आकडा जाईपर्यंत."

त्याने मान डोलावली. मग काखेत हात घालून मला, आंब्याची पेटी उतरवावी तशी, अलगद खाली ठेवली. पेट्या उतरवायचाच धंदा आहे त्याचा. लेकीने ते सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "पपा, बाई जड आसत?" तो म्हणाला, "नाय गो." मी त्याच्या प्रगतिपुस्तकात एकदा 'खोटे बोलतो' असं लिहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

आकडा काही गेला नव्हता. पुन्हा चढायला मात्र त्याने दिलं नाही. फोन घेऊन तोच गडग्यावर उभा राहिला, एक हात कमरेवर, अगदी बाकावर राहायचा तसा. मी सवयीने म्हणून गेले, "नीट उभा राहा." तो राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर गडग्याला लागून तीन चिरे पायरीसारखे लावलेले. बापाने पहाटे आणून टाकले आणि पोरांनी ते रचले, असं तपासात निष्पन्न झालं. कडेला खडूने मोठ्या अक्षरात 'बाई' लिहिलेलं, त्यातली ई चुकून ऱ्हस्व. ती आधी दुरुस्त केली. मग खिचडी झाल्यावर चढले. नऊ लिहिले. गोल फिरलं, टिक आली.

खाली दुसरीचा वर्ग उभा होता, हात पुढे करून.

"घाई करू नको," ती म्हणाली. "आदी चष्मो काढा, मगे उतरा."