हिरवा शालू

आज दुपारी, मीटिंग चालू असताना, शाळेचा ईमेल आला. पुढच्या वर्षी क्रिएटिव्ह रायटिंगचा दुसरा, म्हणजे पहिल्याच्या पुढचा, वर्ग होणार नाही. पुरेशी नावं आली नाहीत. तुमच्या पाल्याला त्याच्या पर्यायी पसंतीच्या विषयात घातलं आहे, शंका असल्यास कौन्सेलरशी बोला. संपलं.

पर्यायी पसंती म्हणजे एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स. (एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय, शाळेतच घ्यायचा.) तो रकाना मीच भरायला लावला होता. आधीच सांगून टाकते, नाहीतर घरातलंच कुणीतरी खाली कॉमेंटमध्ये सांगेल.

लगेच आमच्या देसी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले. म्हटलं कुणीतरी हळहळलं असेल. पहिलाच मेसेज, "चला, एक फ्लफ कमी झाला." फ्लफ म्हणजे बिनकामाचा विषय. मेसेजला सात अंगठे. त्यातला एक अंगठा अशा बाईचा, जी दरवर्षी गणपतीत स्टेजवर स्वतःची कविता वाचते आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. मी फोन पालथा ठेवला. मीटिंगमध्ये मला कुणीतरी काहीतरी विचारलं, मी "येस, अ‍ॅब्सोल्यूटली" म्हणाले. कशाला म्हणाले देव जाणे.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सांगते. न्यू जर्सीत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. पास व्हायला १२० क्रेडिट्स लागतात, त्यातली २० इंग्रजीची, म्हणजे चारही वर्षं इंग्रजी घ्यायचंच. अकरावीला बहुतेक ठिकाणी अमेरिकन साहित्य, बारावीला ब्रिटिश नाहीतर जागतिक. त्यातही पायऱ्या. साधं, त्याच्यावर ऑनर्स, त्याच्यावर एपी. जितकी वरची पायरी तितकं जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या ग्रेड्सच्या सरासरीत, वजन. आणि ह्याशिवाय हौसेचे विषय, इलेक्टिव्ह म्हणतात त्यांना. क्रिएटिव्ह रायटिंग, जर्नलिझम, पब्लिक स्पीकिंग, सिनेमाचा अभ्यास. जानेवारी-फेब्रुवारीत ह्या सगळ्याची भलीमोठी पीडीएफ येते आणि घराघरात लग्नाच्या याद्या केल्यासारखी बोलणी सुरू होतात. हौसेच्या वर्गाला मुलं जमली नाहीत की वर्ग रद्द.

ती यादी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा अक्षरशः हरखले होते. शाळेत सिनेमा बघून त्यावर बोलायचं आणि त्याचे मार्क! आमच्या हायस्कूलला मराठी, हिंदी, इंग्रजी, ताटात पडेल ते. निवड कसली डोंबलाची.

आता शालूची गोष्ट. माझ्या जवळच्यांनी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

१९८७ साल. मी दहावीत. गाव माण तालुक्यात, म्हणजे पाऊस जिथे पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. त्या वर्षी तर तो आलाच नाही. माणगंगा कोरडी ठणठणीत. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया रोजगार हमीवर खडी फोडायला जायच्या, माझीही जायची. गावाला टँकर यायचा, तो विहिरीत ओतायचे आणि मग पोहरे टाकून ज्याचं त्यानं शेंदायचं. उशीर झाला की गाळ.

सहामाहीला निबंध आला "पावसाळा". मी गाईडमधला घडाघडा पाठ केलेला. धरतीमातेने हिरवागार शालू परिधान केला, खळखळ वाहणारे निर्झर, थुईथुई नाचणारा मयूर. सगळं उतरवून काढलं. १५ पैकी १३. सरांनी तो वर्गात उभं राहून वाचून दाखवला. शालूपाशी आले असतील नसतील तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. सर थांबले, म्हणाले, "जावा गं पोरींनो." आम्ही सगळ्या मुली पळालो. वाटेत घरून कळशी घेतली. मी शेंदून परत आले तेव्हा वही माझ्या बाकावर होती, पहिल्या पानावर लाल शाईत "सुंदर वर्णन!"

त्या दिवशी मला काहीही खटकलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. हात दोरानं सोललेले आणि डोक्यात १३ मार्क. मी खूश होते. निबंध म्हणजे पेपरात लिहायची गोष्ट आणि पाणी म्हणजे आणायची गोष्ट, दोन्हींचा एकमेकांशी संबंध असायला पाहिजे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर आमचे चिरंजीव. दहावीत आहेत, जेवताना "हं" आणि "नको" एवढे दोनच शब्द वापरतात. ह्या वर्षी त्यानं क्रिएटिव्ह रायटिंगचा पहिला वर्ग घेतला. मी घेऊ दिला, कारण वेळापत्रकात त्या तासाला दुसरं काही बसत नव्हतं. (मोठेपणा घेत नाही, बघा.) त्याच्या शिक्षकानं ऑक्टोबरात गृहपाठ दिला: घरातली रोज घडणारी एक गोष्ट, एक पान, एकही विशेषण वापरायचं नाही.

एकही विशेषण नाही! मी ऐकलं तेव्हा हसले. माझा शालू विशेषणांशिवाय काढला तर खाली काय उरेल? "धरतीने शालू नेसला." शालूसुद्धा उरणार नाही खरं तर.

त्यानं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पालकसभेला त्या शिक्षकानं दाखवलं, त्याला विचारून. एक पान. संध्याकाळी बाबांची गाडी गॅरेजमध्ये येते. इंजिन बंद होतं. गॅरेजचं दार खाली येतं. मग गाडीचं दार उघडायला हवं, ते उघडत नाही. मुलगा वर त्याच्या खोलीत बसून मोजतो. काल नऊ मिनिटं. आज अकरा. मग दार वाजतं, जिन्यावर बूट वाजतात आणि बाबा विचारतात, "काय रे, जेवलास का?"

एवढंच.

सोळा वर्षांचं पोर रोज मिनिटं मोजतंय आणि मला पत्ता नाही. नवऱ्याच्या ऑफिसात मागच्या वर्षी माणसं कमी केली, तेव्हापासून तो गाडीत बसून राहतो, हे मला माहीत होतं. मुलाला माहीत आहे हे माहीत नव्हतं. त्या छोट्याशा खुर्चीवर बसून मी ते पान तीनदा वाचलं. शिक्षकानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला, त्यांच्याकडे तो तयारच असतो वाटतं.

हा वर्ग म्हणजे फ्लफ. बरं.

मग फ्लफ नसलेलं काय, तर एपी लँग, म्हणजे एपीचा इंग्रजी भाषा आणि लेखनाचा विषय. अकरावीत आमच्याकडची झाडून सगळी मुलं तेच घेतात, न घेणाऱ्याच्या घरी काहीतरी बिनसलंय असं समजतात. मे महिन्यात परीक्षा. ४५ पर्यायी प्रश्न एका तासात, मग सव्वादोन तासांत तीन निबंध. २०२५पासून सगळं लॅपटॉपवर. प्रत्येक निबंधाला ६ गुण: थिसिसला, म्हणजे मुख्य मुद्द्याला, १, पुराव्याला आणि विवेचनाला मिळून ४, आणि शेवटचा १ गुण कशाला, तर सॉफिस्टिकेशनला. म्हणजे विचारात खोली दिसली तर. आता ही खोली दिसावी कशी, तर इथे एका किराणा दुकानाच्या वर क्लास आहे, शनिवारी दोन तास, तिथे शिकवतात. मी स्वतः डेमोला बसले होते. मास्तरांनी फळ्यावर चार वाक्यं लिहिली, "ही कुठल्याही विषयाला चालतात." खाली दुकानात मेथीच्या जुड्या निवडणं चाललं होतं, वर खोलीच्या जुड्या बांधणं.

मला माझा गाईड आठवला. मुखपृष्ठासकट.

हो, मान्य, एपी लँग वाईट विषय नाही. जाहिरात, भाषण, अग्रलेख कसा आपल्याला गुंडाळतो हे त्यात मुलं शिकतात आणि चांगला शिक्षक मिळाला तर सोनं होतं. आणि हो, काही कॉलेजांत त्याचे क्रेडिट्स मिळतात, पैसे वाचतात, ज्यांना फी भरायचीय त्यांना विचारा. झालं? पण आपण मुलांना तिथे त्यासाठी घालतो का? छातीवर हात ठेवून सांगा. आपण परीक्षेतल्या ५ पैकी ५ साठी घालतो. आमच्या ग्रुपवर दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की ह्या वर्गात मुलं वाचतात काय. विचारतात ते हे, की 'ए' ग्रेड कोण सढळ हातानं देतं.

पुस्तकांची नावं आठवतात ती फक्त भांडणाच्या वेळी. पुस्तकात अमुक आहे, तमुक आहे, आमच्या संस्कारात बसत नाही. त्याच पोरांच्या हातात आपण सातवीत फोन दिलेला असतो. जाऊ दे, तो विषय काढला तर रात्र पुरायची नाही.

आणि आता तर शालू विणायचं मशीनच आलंय. चॅटजीपीटीला सांगा, पावसाळ्यावर निबंध लिही. काय झोकात शालू येतो! मयूरसुद्धा येतो. मी करून बघितलंय. अकरा मिनिटं मात्र येणार नाहीत, कारण ती मोजायला त्या घरात राहावं लागतं. मग शाळेनं नेमका कुठला वर्ग बंद करायचा होता? हा?

शाळेला तरी किती शिव्या घालू. नावंच आली नाहीत म्हणतात, आणि ते खरं आहे. वीस-बावीस पोरं जमत नाहीत तर एक शिक्षक एक तास तिथे कुठून ठेवतील, त्यांनाही वरून हिशेब विचारतात. नावं आपण दिली नाहीत. दोन हजार मुलांच्या शाळेत.

आता जे लिहिणार आहे ते खोडावंसं वाटतंय. मी रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षं शिकवते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं माझ्या हाताखालून गेलीत. दिवाळीनंतर "माझी दिवाळी" लिहायला सांगितलं होतं. एका नऊ वर्षांच्या मुलीनं मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं, "दिवाळीला आई फोनवर रडली. मग आम्ही पिझ्झा आणला." मी काय केलं? मी तिला जवळ घेऊन सांगितलं, बाळा, दिवाळी आनंदाचा सण ना, मग पणत्यांची आरास, खमंग फराळ, असं काहीतरी लिही. तिनं शहाण्यासारखं खोडलं. खमंगमधला अनुस्वार कुठे द्यायचा तेवढं विचारलं. मी तिच्या कागदावर स्टार काढला.

म्हणजे शालू मी सातासमुद्रापार घेऊन आले. घडीसुद्धा मोडली नाही.

आमच्या सरांवर मी इतकी वर्षं मनात राग धरून होते. आज लिहिता लिहिता तो जरा उतरलाय. साठ पोरांचा वर्ग, बोर्डाची परीक्षा, आणि ज्या पोरीची आई खडी फोडते तिला १३ मार्क मिळाले तर ती साताऱ्याला कॉलेजात जाईल, असा साधा हिशेब असणार त्यांचा. मी गेलेच की. शालूच्याच पदराला धरून इथवर आले, हे नाकारून कसं चालेल? टँकरचं खरं खरं लिहिलं असतं तर कदाचित ६ मिळाले असते. आणि वाचताना हॉर्न वाजला तेव्हा सर क्षणभर वहीकडे बघत राहिले होते, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा वाटलं, कुठल्या ओळीवर होते ते शोधताहेत.

पण माझ्या पोराला कुठे साताऱ्याला जायचंय? त्याच्या दप्तराला दुष्काळ नाही. त्याला पाणी आहे, गाडी आहे, दोघांचे पगार आहेत (सध्या तरी). त्याला तरी एक तास खरं लिहायची मुभा परवडायला हवी होती.

संध्याकाळी त्याला ईमेलबद्दल सांगितलं. "आय नो," म्हणाला. मग फ्रिज उघडून उभा राहिला, त्याला विचार करायचा असला की तो फ्रिज उघडतो. म्हणाला, "इट्स फाइन आई, एपी सीएस इज ईझी." मी म्हटलं, तुला लिहायचं होतं ना? म्हणाला, "लिहितोय मी." कुठे? "आहे." पुढे विचारलं नाही. मोठ्या कष्टानं विचारलं नाही.

तर इथल्या आपल्या गावातल्या मंडळींना एकच सांगणं. कौन्सेलरला मी फोन केला होता. शुक्रवारपर्यंत पसंती बदलता येते आणि अजून आठ नावं आली तर वर्ग पुन्हा धरायचा विचार करू असं त्या म्हणाल्या. आठ. तुमची मुलं घरी काय खरडतात ते मला माहीत आहे, त्यांनीच मला दाखवलंय, तुम्हाला नाही दाखवलं. मेसेंजरवर कळवा. अंगठेवाल्या सात जणांनीही कळवलं तरी चालेल, मी काही बोलणार नाही. त्या कवितावाल्या बाईंना मात्र मी उद्या स्वतः फोन करणार आहे.

आणि त्या पिझ्झावाल्या मुलीची आई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. येत्या रविवारी तिला थोडं लवकर आणाल का? ते पान मला तिच्याकडून पुन्हा लिहून घ्यायचंय, पहिलं होतं तसं.

थांबते. गॅरेजचं दार वाजलं आणि अजून कुकरसुद्धा लावलेला नाही.